पटावरच्या दाण्यांचा आकडा १८४४६७४४०७३७०९५५१६१५ : आत नक्की आहे काय?

हरिपूरकर (धागाकर्ता)

मंडळी, सांगलीत राहून बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट ऐकली नाही असा माणूस सापडायचा नाही. बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव आहे हे, इथं पोराच्या हातात खुळखुळ्याच्या आधी उंट-घोडे येतात. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं, आणि राजाचं कोठार रिकामं. ती गोष्ट परत सांगत नाही, कंटाळा आलाय तिचा. मला बोलायचंय शेवटी येणाऱ्या आकड्याबद्दल. गोष्टीत तो "लई मोठा" म्हणून येतो आणि विषय संपतो. पण माझं मत असं झालंय की मोठेपणा ही त्याच्यातली सगळ्यात साधी बाब आहे, त्याला फोडत गेलं की खरी मजा सुरू होते.

झालं असं की भाची आठवीत आहे, सुट्टीत माझ्या हळदीच्या अडत दुकानात येऊन बसते आणि कॉम्प्युटरवर काहीबाही करते. तिनं एक्सेलमध्ये २^६४ − १ टाकलं (म्हणजे २ चा ६४ वा घात, वजा १, कारण सगळ्या घरांची बेरीज नेहमी पुढच्या घरापेक्षा एकनं कमी येते, १+२+४ = ७, पुढं ८, असंच शेवटपर्यंत). उत्तर आलं १८४४६७४४०७३७०९६०००००. पोरगी म्हणाली मामा हे खोटं आहे, दोननं गुणत गेलं तर शेवटचा आकडा २, ४, ८, ६ असाच फिरतो, शून्य येईलच कसं? आणि ६४ ला ४ नं भाग जातो म्हणजे शेवटी ६, त्यातून १ गेला की ५. मी म्हटलं बरोबर आहे बाई, मग कागदावर कर.

तर केलं. चौसष्ट वेळा दुप्पट करायची गरज नाही, नुसता वर्ग करत जायचं. २ चा वर्ग ४, ४ चा १६, मग २५६, मग ६५५३६, मग ४२९४९६७२९६, आणि याचा एक वर्ग केला की झालं, सहा पायऱ्या. शेवटचा गुणाकार वहीची दोन पानं खातो पण होतो. १८४४६७४४०७३७०९५५१६१६, त्यातून एक वजा, शेवटी ६१५.

आता फोडायचं. आठवीचंच सूत्र, अ² − ब² = (अ−ब)(अ+ब). २^६४ − १ म्हणजे (२^३२ − १) गुणिले (२^३२ + १). मग २^३२ − १ परत तसाच फुटतो, मग २^१६ − १, मग २^८ − १, असं जिना उतरल्यासारखं खाली आलं की हातात उरतं:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

पहिले पाच मूळ संख्या आहेत, ते तपासले. सहावा ४२९४९६७२९७ अडलाय. ३, ७, ११, १३ असे बरेच लावून बघितले, भाग जात नाही. भाचीचं म्हणणं, आधीचे पाच मूळ निघाले म्हणजे हाही मूळच असणार. मला पटत नाहीये पण खोडूनही काढता येत नाहीये. कुणी जाणकार आहे का?

भडंग

पहिला नंबर!! वाचतोय. मिसळ येईपर्यंत एवढंच वाचून झालं.

शाळू

काका धागा भारी. तुम्ही मोठेपणा साधा आहे म्हणताय पण आम्ही शेतकरी, आम्हाला आधी माल किती ते कळलं पाहिजे. गव्हाऐवजी जतकडची शाळू ज्वारी धरली, हजार दाण्याला ३० ग्रॅम. तर पटावरचा सगळा माल होतो साधारण ५५,३४० कोटी टन. देशाचं सगळं धान्य मिळून, म्हणजे गहू तांदूळ ज्वारी बाजरी डाळी सगळं, अलीकडं वर्षाला ३३ कोटी टनाच्या आसपास निघतं. म्हणजे कुणी काहीच न खाता सोळाशे वर्षं साठवायचं.

आता ठेवायचं कुठं. ज्वारी घनमीटरला साडेसातशे किलो बसते असं धरलं आणि कोयना धरण १०५.२५ टीएमसी धरलं, तर कोयना काठोकाठ भरायची जवळजवळ अडीचशे वेळा. ज्वारीनं.

भडंग

@शाळू आणि विसर्ग सोडायचा झाला तर? आलमट्टीवाल्यांना कोण सांगणार

शाळू

ते जलसंपदा खातं बघंल. पण राव एक गोष्ट हिशेब करताना ध्यानात आली ती सांगतो. पट मधोमध कापला, पहिली ३२ घरंच घेतली, तर माल होतो फक्त १२९ टन. दहा टनाचे तेरा ट्रक. मार्केट यार्डातला मध्यम व्यापारी सुद्धा हे देऊ शकतो, उधारीवर का होईना. म्हणजे राजा अर्ध्या पटापर्यंत बिनघोर होता बघा. सगळी वाट लागली ती पुढच्या अर्ध्यात.

हरिपूरकर

@शाळू तेरा ट्रक म्हणजे काहीच नाही, आमच्याकडं सीझनला एका दिवसात त्याहून जास्त पोती हलतात. हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) सुद्धा मावलं असतं म्हणा, पण तिथं हळदच शोभते. असो. ४२९४९६७२९७ चं काय?

अजिंक्यतारा

नमस्कार. साताऱ्याहून. हायस्कूलला गणित शिकवायचो, आता निवृत्त.

हरिपूरकर, तुमच्या भाचीला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण तिनं जे म्हटलं नेमकं तेच पिएर द फर्मा या फ्रेंच माणसाला वाटलं होतं. सतराव्या शतकातला न्यायखात्यातला माणूस, गणित हा त्याचा छंद. २ चा घात, आणि तो घातही २ चाच घात, अधिक १, अशा या संख्या: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ आहेत हे बघून त्यानं पत्रांतून लिहिलं की पुढच्याही सगळ्या मूळ असणार. सिद्धता नव्हती, खात्री होती. आजही या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात.

जवळजवळ शंभर वर्षं कुणाला ते खोडता आलं नाही. १७३२ मध्ये ऑयलर या गणितीनं दाखवलं:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

गुणून बघा. ६७००४१७ ला ६०० नं गुणलं की ४०२०२५०२००, ४१ नं गुणलं की २७४७१७०९७, बेरीज बरोबर.

भडंग

सर हे ६४१ त्याला सापडलं कसं? ३ पासून एकेक लावत बसला का? कॅल्क्युलेटर तर नव्हता.

अजिंक्यतारा

हाच प्रश्न विचारायला हवा होता. एकेक लावत बसला असता तरी सापडलं असतं, ६४१ च्या खाली शंभरावर मूळ संख्या आहेत, चिकाटी असेल तर आठवड्याचं काम. पण त्यानं आधी विचार केला. समजा एखादी मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. म्हणजे त्या संख्येनं भागलं तर २^३२ ची बाकी −१ (पूर्ण भाग जायला एक कमी पडतो). त्याचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १. दुपटीचा हा फेरा ६४ व्या पायरीला पहिल्यांदा १ वर येतो, आधी नाही, कारण ३२ व्या पायरीला तो −१ वर होता. आणि मूळ संख्या म असेल तर असा फेरा म − १ ला पूर्ण भागतो, हा फर्माचाच दुसरा, खरा निघालेला नियम. म्हणून म − १ ला ६४ नं भाग जायलाच पाहिजे.

आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पाचव्या भागाकाराला काम फत्ते. फर्मानं स्वतः हे केलं असतं तर त्यालाच सापडलं असतं, हत्यार त्याचंच होतं. मला आजतागायत नवल वाटतं की त्यानं हे का करून बघितलं नाही.

हरिपूरकर

सर थांबा थांबा. ६४? म्हणजे पटाची घरं ६४ आणि हा फेराही ६४ चा?

अजिंक्यतारा

हो, आणि योगायोग नाही, कारण संख्या तीच आहे. पटावरच करून दाखवा भाचीला. प्रत्येक घरात किती दाणे आहेत ते न लिहिता, ६४१-६४१ चे वाटे काढून किती उरतात तेवढंच लिहायचं. पहिली दहा घरं सरळ, १ ते ५१२. अकराव्या घरात १०२४, त्यातून ६४१ गेले, उरले ३८३. पुढं दुप्पट करायचं, ६४१ च्या वर गेलं की ६४१ काढायचे. मोठे आकडे येतच नाहीत, पेन्सिलनं होतं. तेहतिसाव्या घरात काय येतं ते तिला सांगू नका, तिलाच काढू दे.

हिंजवडीचा_सांगलीकर

मधेच घुसतो. एक्सेलचा दोष काढताय पण तो बिचारा पंधरा आकड्यांपर्यंतच दाखवतो, पुढं शून्य भरतो. जावास्क्रिप्टमध्ये हाच आकडा टाकला तर १८४४६७४४०७३७०९५५२००० दिसतो. कारण एकच, आत दशांशवाली संख्या ठेवतात, तिच्यात ५३ बिट (० किंवा १ ची घरं) अचूक बसतात, ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढं प्रत्येक पूर्ण संख्या वेगळी ठेवायला जागाच नसते. आपल्या आकड्याच्या आसपास तर २०४८ चं अंतर सोडून पुढचा आकडा येतो. त्यामुळं तुम्ही वजा १ करा नाहीतर वजा १०० करा, त्याला फरक कळत नाही. पायथॉनमध्ये टाका, शेवटच्या ५ पर्यंत अचूक येतं.

आणि आमच्या धंद्यात हा आकडा रोजचा आहे. ६४ बिटांच्या बिनचिन्ह पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच, चौसष्टच्या चौसष्ट बिट १. तिच्यात अजून एक मिळवला की शून्य. एरर नाही काही नाही, गुपचूप शून्य. पटावर चौसष्ट घरं भरली आणि पासष्टावं घर नसलं तर हातचा ठेवणार कुठं, तसंच. हा बग शोधण्यात माझ्या किती रात्री गेल्या ते विचारू नका.

रोखठोक

हे सगळं ठीक आहे. उपयोग काय? कांद्याला भाव मिळणार का याच्यानं?

भडंग

@रोखठोक तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच विचारता, मागं बेदाण्याच्या धाग्यावर पण विचारलेलं.

रोखठोक

बेदाण्याला तरी भाव असतो. बरं ते जाऊ दे, एवढा मोठा आकडा मराठीत वाचायचा कसा तेवढं तरी सांगा कुणीतरी. "एक कोटी लाख कोटी" असलं नको.

कृष्णामाई

रोखठोक दादा, याला आपल्याकडं नीट व्यवस्था आहे. लीलावतीत भास्कराचार्यांनी स्थानांची नावं दिलीत, कोटीच्या पुढं अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. प्रत्येक आधीच्याच्या दहापट. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं आणि तिथं यादी संपते. आपला आकडा त्याच्याही पुढं जातो म्हणून परार्धाची संख्याच तीन आकडी होते:

१८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार ६१५.

निखर्वाच्या जागी शून्य आहे. चेकवर लिहायला दोन ओळी पुरणार नाहीत.

आणि हरिपूरकर काका, तुम्ही जो वर्ग करत जायचा मार्ग वापरलात ना, तो पिंगळाच्या छंदःशास्त्रात आहे. त्याला पट नव्हता मोजायचा, त्याला वृत्तं मोजायची होती. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, मग इतक्या अक्षरांच्या ओळीचे प्रकार किती? तर २ चा तेवढावा घात. त्यासाठी तो म्हणतो, संख्या सम असेल तर अर्धी कर आणि नंतर वर्ग कर, विषम असेल तर एक काढ आणि नंतर दुप्पट कर. ६४ अर्धा करत १ पर्यंत यायला सहा पायऱ्या, म्हणून तुमचे सहा वर्ग. हजार सालाच्या आसपास अल्-बिरुनीनं पटाची हीच बेरीज शेवटच्या ५ पर्यंत अचूक दिली, त्याचाही मार्ग घरांचे वर्ग करत जाण्याचाच.

मिरजेची_तार

ताई मस्त. लघु-गुरू म्हणजे तबल्यातसुद्धा हेच की.

हरिपूरकर

वा, अडत दुकानात पिंगळ आला. कृष्णामाई, तुम्ही गणितातल्या दिसता, ४२९४९६७२९५ बद्दल पण सांगा काहीतरी, शाळूच्या तेरा ट्रकवाला. तो ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ एवढाच आहे, ६४१ च्या भानगडीच्या आधीचा.

कृष्णामाई

काका, मला तर पूर्ण आकड्यापेक्षा तो अर्धा जास्त आवडतो.

कंपास आणि बिनखुणांची पट्टी, एवढ्यानं कोणते सुसम (सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेले) बहुभुज काढता येतात हा ग्रीकांपासूनचा प्रश्न. त्रिकोण, पंचकोन येतात, पंधरा बाजूंचा येतो, आणि बाजू दुप्पट करत जाता येतात. दोन हजार वर्षं गाडी तिथंच उभी होती. १७९६ च्या मार्चमध्ये गाऊस नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं दाखवलं की सतरा बाजूंचा पण येतो. मग त्यानं कोणकोणते येतात त्याचा नियम दिला आणि फक्त तेवढेच येतात हे १८३७ मध्ये वान्त्झेलनं पक्कं केलं. नियम असा, बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. एक मूळ एकदाच. म्हणून ९ बाजूंचा येत नाही, ३ दोनदा आला.

आता फर्मा मूळ संख्या माहीत किती आहेत? आजपर्यंत फक्त पाच. पहिल्या पाच. ६४१ नं सहावीचा निकाल लावला आणि त्यानंतर तपासलेली एकही मूळ निघालेली नाही. मग पाचही एकदा वापरून होणारा सगळ्यात मोठा गुणाकार कोणता? ४२९४९६७२९५. अर्ध्या पटाचे दाणे. कंपास-पट्टीनं काढता येणारा, आपल्याला माहीत असलेला सगळ्यात जास्त विषम बाजूंचा बहुभुज हाच. शाळूच्या तेरा ट्रकमधल्या प्रत्येक दाण्याला एक बाजू.

पट बरोबर मधोमध कापला तिथंच ही सीमा आहे. त्यापुढचं एक पाऊल म्हणजे ४२९४९६७२९७ नं गुणणं, आणि तिथं ६४१ आडवा येतो.

शाळू

ताई अंगावर काटा आला. मी आपलं ट्रक मोजत होतो.

मिरजेची_तार

एवढ्या बाजूंचा काढला तर तो गोलच दिसंल की. कशाला काढायचा?

कृष्णामाई

दिसेल गोलच. पण ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची कृती हेर्मेस नावाच्या जर्मन माणसानं खरोखर लिहून काढली, दहा वर्षं घालवली, आणि ते हस्तलिखित ग्यॉटिंगेनला जपून ठेवलंय. कशाला हे त्यालाच विचारायला पाहिजे होतं.

अजून एक राहिलं. मेरुप्रस्तार माहीत असेल, शाळेत पास्कलचा त्रिकोण म्हणून शिकवतात, आपल्याकडं दहाव्या शतकात हलायुधानं पिंगळावरच्या टीकेत मांडलाय. वरच्या दोन घरांची बेरीज खाली लिहायची. आता त्यात विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ द्विमान (बायनरी) पद्धतीनं वाचा. पहिल्या ओळी येतात १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... बघा ओळखीचे वाटतात का. १५ म्हणजे ३ × ५, ५१ म्हणजे ३ × १७, ८५ म्हणजे ५ × १७. पहिल्या चौसष्ट ओळींत दुसऱ्या कुठल्या संख्या येतच नाहीत, आपल्या त्या सहा संख्यांचेच गुणाकार. पहिल्या बत्तीस ओळी म्हणजे कंपासनं काढता येणाऱ्या विषम बाजूंची पूर्ण यादी (सुरुवातीचा १ सोडून, त्याला बाजू कुठल्या). आणि चौसष्टावी ओळ? चौसष्ट एक ओळीनं. वाचली की १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

हिंजवडीचा_सांगलीकर

थांबा, हे मी आत्ता कोडमध्ये करून बघतोय.

…

खरं आहे. चौसष्टही ओळी जुळल्या. आजचं ऑफिसचं काम बोंबललं पण चालतंय.

मग विभाजक किती होतात एकूण? मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७, एकही दोनदा नाही. म्हणजे २ चा सातवा घात, १२८ विभाजक. मेरूच्या चौसष्ट ओळी म्हणजे त्यातले चौसष्ट. उरलेले चौसष्ट कुठले?

कृष्णामाई

ज्यांच्यात ६४१ आणि ६७००४१७ ची ताटातूट झालीय ते. मेरू त्या दोघांना कधीच वेगळं करत नाही, कायम जोडीनं आणतो. फोडायला ऑयलरच लागला.

रोखठोक

बरं मान्य, भारी आहे. पण ६७००४१७ मूळ आहे हे कशावरून? सगळे नुसते म्हणताय.

अजिंक्यतारा

रोखठोक, हा तुमचा आजचा सर्वोत्तम प्रतिसाद. तपासू.

मघाच्या नियमाला ल्यूका या फ्रेंच गणितीनं एकोणिसाव्या शतकात अजून धार लावली. ६४ नाही, १२८ नं भाग गेला पाहिजे. (हनोईच्या मनोऱ्याचं कोडं काढणारा ल्यूका तो हाच, १८८३. त्याच्या गोष्टीत काशीच्या देवळात ६४ चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर हलवायच्या असतात, आणि त्यालाही कमीत कमी हालचाली लागतात बरोबर आपल्या आकड्याएवढ्या. सेकंदाला एक धरली तर ५८४ अब्ज वर्षं, विश्वाच्या आजच्या वयाच्या चाळीसपटीहून जास्त.)

तर ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ आणि काहीतरी. तेवढ्यापर्यंत १२८ च्या पाढ्यात एक मिळवून येणाऱ्या संख्या वीस आहेत. त्यातल्या मूळ फक्त पाच. पाच भागाकार करा:

२५७ नं भागलं, बाकी १७०.
६४१ नं, बाकी ४४.
७६९ नं, बाकी १२०.
११५३ नं, बाकी ३३४.
१४०९ नं, बाकी ६२२.

एकानंही भाग गेला नाही. संपलं. सात आकडी संख्या मूळ आहे हे तुम्ही पाच भागाकारांत सिद्ध केलंत. कुणीही वही घेऊन पडताळून घ्यावं, माझ्यावर विश्वास ठेवू नये.

रोखठोक

केले पाचही. बरोबर आहेत. (कांदा चाळीत बसून केले.)

भडंग

रोखठोक विरघळले!! धाग्याचं सोनं झालं.

मिरजेची_तार

सर ६४१ चा भाग जातो हे भागाकार न करता दाखवता येतं असं ऐकलंय कुठंतरी, खरं का?

अजिंक्यतारा

खरं, आणि चार ओळींत. ६४१ दोन प्रकारे लिहिता येतो: ६४० + १ आणि ६२५ + १६. म्हणजे ५ × २^७ + १, आणि ५^४ + २^४.

पहिल्यावरून, ६४१ नं भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घ्या, ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ ची बाकी −२^४. ती तिथं घाला, −२^३२ ची बाकी १. म्हणजे २^३२ + १ ची बाकी शून्य. शाळेत दरवर्षी नववीच्या शेवटच्या तासाला हे लिहायचो, परीक्षेला नसायचं म्हणून पोरं मन लावून ऐकायची.

हरिपूरकर

सर, भाचीनं पट पूर्ण केला. खऱ्या पटावर पेन्सिलनं लिहिलंय, तिची आई ओरडली ते वेगळं. तेहतिसाव्या घरात ६४० आले. त्यावर तिनं जे पाहिलं ते मला सुद्धा दिसलं नव्हतं. पहिल्या घरात १ आणि तेहतिसाव्यात ६४०, बेरीज ६४१. दुसऱ्यात २, चौतिसाव्यात ६३९, परत ६४१. कुठलंही घर घ्या, त्याची आणि त्याच्या पुढच्या बत्तिसाव्या घराची बेरीज ६४१ च. म्हणजे खालचा अर्धा पट वरच्या अर्ध्याची उणीव भरून काढतो. एकूण बत्तीस जोड्या, म्हणून अख्ख्या पटाला ६४१ नं भाग जाणारच असं ती म्हणाली, आणि मी हिशेबाची वही मिटून तिच्याकडं बघत बसलो.

अजिंक्यतारा

ही सिद्धताच झाली की. माझ्या चार ओळींपेक्षा चांगली, कारण दिसते.

शाळू

आयला. वाट्याला ६४१ दाणे धरले तर सगळी ज्वारी बरोबर वाटली जाणार, एक दाणा उरणार नाही.

कृष्णामाई

काका, तिला पुढचं काम द्या. आपल्या आकड्यात दोन मिळवले की १८४४६७४४०७३७०९५५१६१७, म्हणजे २^६४ + १. ही सातवी फर्मा संख्या. ती मूळ आहे का?

भडंग

ताई आता इतकं शिकल्यावर मी सांगतो, नसणार.

कृष्णामाई

नाहीच. पण ऑयलरनंतर तिचे अवयव मिळायला शंभरावर वर्षं गेली. क्लाउसेननं १८५५ मध्ये एका पत्रात ते लिहिले होते पण तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. १८८० मध्ये लांद्रीनं स्वतंत्रपणे काढले, तेव्हा त्याचं वय ८२. छोटा अवयव २७४१७७. त्यातून एक काढून २५६ नं भागा, १०७१ येतात, बाकी नाही. ल्यूकाचा नियम इथं २५६ मागतो आणि तो बसतो. दुसरा ६७२८०४२१३१०७२१.

हरिपूरकर

१०७१ म्हणजे पाढ्यात एक हजार एकाहत्तराव्या जागी! ६४१ नशिबानं पाचव्यालाच सापडला होता म्हणायचा. हे भाचीला सांगत नाही, ती खरंच बसंल आणि शाळा सुरू व्हायला आलीय.

भडंग

२७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ पायथॉनवर केलं. शेवटी ६१७ च येतंय. एक्सेलवर पण केलं, तिथं शून्यं.